सकूने पुणं पाहिलं नव्हतं

शेजारच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर सकूचा फोटो दिसतो. त्याला चंदनी हार घातलेला आहे. कोणी विचारलं तर घरचे सांगतात, पुण्यात तापाने गेली. सकूने पुणं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बापानेही पाहिलेलं नाही, मीही नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागची ही आमची गल्ली. इथे मराठी बोलणारी थोडी घरं उरली आहेत, आणि त्यातल्या एकाचंही पुण्यात कोणी नाही. तीनशे वर्षांपूर्वी कोणाचा तरी कोणी तिकडून आला, एवढंच.

मी पाचवीपर्यंत शिकले, तेही तमिळमध्ये. ही अक्षरं आजीने पोथी वाचता यावी म्हणून शिकवली. पोथी सुटली, अक्षरं राहिली. सकू मेली की जगते आहे ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. माहीत नाही, हे तरी कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हे लिहिते.

तिचं पूर्ण नाव सकवार. पणजीचं नाव. असली नावं आता आमच्याकडेही कोणी ठेवत नाही, पण तिचा बाप रघुनाथ जुन्या नावांचा हौशी. सकूला ते नाव मुळीच आवडायचं नाही. कॉलेजात हजेरी घेताना मास्तर तिच्या नावापाशी आले की थांबायचे, आणि ही उभी राहून म्हणायची, "सार, थांबलात ना, तीच मी."

दिसायला काही नव्हती. उंच, काळी, दात थोडे पुढे. केस कधी नीट विंचरलेले नसायचे. हसली की माझ्या स्वयंपाकघरातलं मांजर उठून परसात जायचं. चिंच मिठाला लावून दिवसभर चघळायची आणि चिंचोके माझ्या तुळशीत टाकायची. मी ओरडले की म्हणायची, "अज्जी, झाड उगवलं तर अर्धं तुझं."

घरातून निघणाऱ्याला "कुठे" म्हणून विचारू नये, काम होत नाही, अशी आमच्याकडे रीत. तमिळ घरांतही तीच रीत. निघणाराही सांगत नाही, गुपचूप चपला घालतो आणि "येतो" म्हणतो. सकूला हे पटायचं नाही. ती मोपेडवर बसली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायची. "दवाखाना! कान दुखतोय!" नाहीतर "कुंभकोणम! लग्न आहे, माझं नाही!" कोपऱ्यावरच्या घरातली बाई खिडकी लावून घ्यायची. सकूची आई पद्मा आतून म्हणायची, "हळू गं, दृष्ट लागेल."

"अम्मा, दृष्ट लावायची तर आधी माझ्याकडे बघावं लागतं. बघतं कोण?"

जुन्या बसस्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत ती काम करायची. लग्नांचे अल्बम कॉम्प्युटरवर तयार करायची. लोकांना गोरं करायचं, टक्कल झाकायचं, पोट आत घ्यायचं, नको झालेली माणसं काढून टाकायची. संध्याकाळी परत आली की घरात जायच्या आधी माझ्या तिण्णैवर बसायची. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. माझा दिवस तिथेच जातो. माझ्या डबऱ्यातली, म्हणजे कॉफीच्या पितळी वाटीतली, कॉफी अर्धी पिऊन मग ती दिवसाच्या बातम्या सांगायची.

"आज एक जावई काढला, अज्जी."

"मेला?"

"नाही गं. सोडून गेला. सासू म्हणाली, अल्बम राहू दे, हा नको. काढला. पण हात राहिला. बायकोच्या खांद्यावर ठेवला होता मेल्याने. मुंडकं काढायला काही लागत नाही. हात काढायचा तर खालची साडी पुन्हा विणावी लागते."

"मग?"

"विणली. रेशमाची होती, दुपार गेली."

एकदा एक विधवा आली होती. मुलीच्या लग्नाच्या फोटोत मेलेला नवरा हवा होता. त्याचा एकच जुना फोटो, तोही नुसत्या तोंडाचा. सकूने मांडवात उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ते तोंड बसवलं. विधवेने फोटो पाहिला, रडली, आणि मग म्हणाली, "हे बूट कोणाचे? ते तर अनवाणी फिरायचे." दुसरी कोणी असती तर काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. सकू म्हणाली, "मांडववाल्याचे आहेत. पायही त्याचेच." स्टुडिओचा मालक कपाळाला हात लावून बसला. विधवा म्हणाली, "असू देत. त्यांना बूट हवेच होते, आम्ही कधी घेतले नाहीत." आणि फोटो घेऊन गेली.

हा तिचा स्वभाव. हाताने पोटासाठी दिवसभर खोटं करायची, तोंडाने जमायचं नाही. तिला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मुलाच्या आत्याने विचारलं, "गाणं येतं का?" तिरुवैयारु आमच्यापासून जवळ, तिकडे घराघरात गाणं शिकवतात, म्हणून हा प्रश्न आमच्या मुलींना हमखास. सकू म्हणाली, "गाणं नाही. शिट्टी येते." आणि वाजवून दाखवली. चांगली वाजवली, सुरात होती. पाहुण्यांनी कॉफी संपवली आणि उठले. रघुनाथ महिनाभर तिच्याशी बोलला नाही. तिने मला सांगितलं, "अप्पा बोलत नाहीत तेच बरं. बोलले की वाकडं बोलतात."

रघुनाथ वाईट माणूस नाही. मी त्याला चड्डीत असल्यापासून बघते आहे. एका सरकारी कचेरीत कारकून होता, आता निवृत्त झाला. कोणाचं वाईट केलं नाही, कोणाशी भांडला नाही, आणि त्याचं सगळं आयुष्य लोक काय म्हणतील हे मोजण्यात गेलं. असा माणूस चोरापेक्षा महाग पडतो.

आता पुण्याच्या काकूचं सांगायला हवं.

आमच्या गल्लीची ती एक जुनी सोय आहे. कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाचा मुलगा दारू पिऊन कुठेतरी पडला, कोणाच्या मुलीला नको ते झालं, की घरचे सांगतात, "पुण्याला काकूकडे गेलेत." ऐकणारा "बरं बरं" म्हणतो आणि भाताला किती पाणी ठेवलं त्याकडे वळतो. काकू नाही हे सगळ्यांना माहीत असतं. विचारायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या गल्लीची मिळून एकच काकू, आणि तिच्याकडे नेहमी कोणी ना कोणी राहायला. तमिळ शेजाऱ्यांना मात्र ते खरं वाटतं. त्यांच्या लेखी आम्ही मराठे, आमचं सगळं गणगोत तिकडेच असणार. आम्हीही त्यांचा समज कधी मोडला नाही. उपयोगाचा होता.

सकूने एक दिवस त्या काकूचा फोटो करून आणला. नाक माझं, डोळे पद्माचे, हनुवटी कोपऱ्यावरच्या खिडकीवालीची. अंगावर नऊवारी, मागे कुठला तरी किल्ला.

"घे, अज्जी. इतक्या लोकांना जेवू घालते बिचारी, तिचा एक फोटो नको?"

मी इतकी हसले की ठसका लागला. पद्मा पदर तोंडावर धरून हसली. रघुनाथ बाहेर आला, फोटो पाहिला आणि म्हणाला, "घरातल्या गोष्टींची थट्टा करायची नसते."

"मग घरातल्यांनी थट्टेसारखं वागायचं नसतं," सकू म्हणाली.

तो फोटो मी कॉफीच्या डब्यामागे ठेवून दिला. अजून आहे.

दुसरा एक फोटो आहे, त्याचंही इथेच सांगते. माझ्या पेन्शनच्या कामाला फोटो लागत होता. सकू मला मोपेडवर मागे बसवून स्टुडिओत घेऊन गेली. माझा झाल्यावर म्हणाली, "चल, दोघींचा काढू." तिथल्या माणसाने आम्हा दोघींना उभं केलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माया म्हणून नव्हे. गुडघा दुखत होता, धरायला दुसरं काही नव्हतं. माझ्या उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी आहे, लहानपणी वाटणाच्या दगडाखाली सापडली होती. फोटोत ती चांगली दिसते. सकू म्हणाली, "करंगळी सरळ करून देऊ?" मी म्हटलं, "देवाने केली नाही, तू कशाला करतेस."

सकू गेली तो दिवस पावसाळ्याआधीचा, तिरुवैयारूवरून वाहणाऱ्या कावेरीला धरणाचं पाणी सोडलेलं होतं. ती सकाळी तिरुवैयारूला एका घरी लग्नाचा अल्बम पोचवायला गेली. जेवायला परत येणार होती. आली नाही. फोन आधी वाजत राहिला, मग बंद झाला.

दुसऱ्या दिवशी रघुनाथ आणि सकूचा धाकटा भाऊ प्रताप तिरुवैयारूला गेले. अल्बमवाल्या घरचे म्हणाले, आली, अल्बम दिला, कॉफी घेतली, हसत होती, गेली. मोपेड तिथल्या बसस्टँडजवळ एका झाडाखाली सापडली. नीट उभी केलेली, कुलूप लावलेलं. ज्याला जरा अक्कल आहे तो त्या मोपेडला हात न लावता थेट पोलिसांकडे गेला असता. यांनी घरून दुसरी किल्ली आणली, मोपेड चालवत घरी आणली आणि पुसून दारात उभी केली. दारात दिसली नाही तर गल्ली विचारेल, म्हणून.

मी त्याच संध्याकाळी रघुनाथला म्हटलं, "स्टेशनात जा."

"मावशी, दोन दिवस बघू. कोणाबरोबर गेली असेल तर फोन करेलच. उगाच बोभाटा कशाला?"

"कोणाबरोबर?"

"मला काय ठाऊक."

"ठाऊक नाही तर कोणाबरोबर म्हणून कसं म्हणतोस? तुझी मुलगी गल्लीला ओरडून सांगितल्याशिवाय दवाखान्यात जात नव्हती. ती लपून पळेल?"

स्टुडिओचा मालक विचारायला आला तेव्हा मी तिण्णैवर होते. रघुनाथने दारातच त्याला सांगितलं, "अचानक पुण्याला जावं लागलं तिला. तिच्या काकूकडे." सवयीने तोंडातून आलं. मालक तमिळ माणूस, त्याने मान डोलावली आणि गेला. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, त्यांनाही तेच. त्यांनी "बरं बरं" म्हटलं. घरी जाऊन काय म्हटलं ते मला माहीत आहे. कोणी म्हणालं मुसलमान असेल, कोणी म्हणालं स्टुडिओतलाच कोणीतरी असेल, कोणी म्हणालं पोट आलं असेल. नदीचं नाव कोणी काढलं नाही. रस्त्यात कोणी गाठलं असेल हेही कोणी म्हणालं नाही. त्या दोन्हीत मुलीची चूक निघत नाही ना.

आठवड्याने पद्मा नवऱ्याला न विचारता स्टेशनात गेली. तिने आयुष्यात त्याला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट असावी. पोलिसांनी स्टुडिओत विचारलं. मालक म्हणाला, ती तर पुण्याला गेली, बापाने सांगितलं. मग त्यांनी रघुनाथला बोलावलं. तिथे चार माणसांसमोर त्याला विचारलं, मुलगा कोण, जात काय, किती दिवस चालू होतं. तिथेच त्याने लिहून दिलं की मुलगी लग्नाच्या गोष्टीवरून रुसून पुण्याला नातलगांकडे गेली आहे, कोणावर संशय नाही. लिहून दिलं की प्रश्न थांबतील असं त्याला वाटलं. थांबले. प्रश्नांबरोबर शोधही थांबला.

एक सब-इन्स्पेक्टर गल्लीत एकदा येऊन गेला. तरुण होता. माझ्यासमोर उभं राहून त्याने मला पाटी, म्हणजे आजी, म्हणून तमिळमध्ये विचारलं, "पाटी, ही पुण्याची काकू तुम्हाला माहीत आहे?"

"चांगली माहीत आहे. फोटो आहे माझ्याकडे."

त्याचा चेहरा उजळला. मी आत जाऊन डब्यामागचा फोटो आणून दिला. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

"नाव काय?"

"नाक माझं आहे," मी म्हटलं. "नीट बघ. डोळे त्या मुलीच्या आईचे. हनुवटी त्या खिडकीतल्या बाईची, ती आत्ता बघते आहे बघ. अशी बाई पुण्यात नाही, कुठेच नाही. मुलगी तिरुवैयारूला गेली होती. तिकडे शोध."

त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाटी, पोलिसाची चेष्टा करता?"

"चेष्टा आम्ही नाही केली, बाबा. तिच्या बापाने केली."

"बापाने सही करून दिलंय. तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"मग झालं," असं म्हणून तो गेला. पुढे कधीतरी रघुनाथने खरं सांगितलं, रडून सांगितलं, पण तोवर तिरुवैयारूच्या बसस्टँडवरच्या कॅमेऱ्यातलं जुनं सगळं पुसून गेलं होतं, आणि मोपेड पुसलेलीच होती. पोलिसांनी तिकडे महाराष्ट्रात एक कागद पाठवला म्हणे. तिकडून काय येणार? हे वाचणारे तुम्ही पुण्याचे असाल तर सांगते, तुमच्याकडे आमची कोणी आलेली नाही.

वर्षं गेली. पद्मा बाजाराची पिशवी घेऊन निघायची आणि भाजीआधी स्टेशनात जायची. तिथे तिला खुर्ची द्यायला लागले होते. "काही नाही, अम्मा," म्हणायचे. ती "बरं" म्हणून उठायची आणि वांगी घेऊन घरी यायची. मी विचारायचे, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "शोधतायत." कोणी शोधत नव्हतं. पण ती विचारत होती तोवर सकू हरवलेली होती. हरवलेलं माणूस सापडू शकतं. पद्माचं सगळं तेवढ्यावर उभं होतं.

मग प्रतापचं लग्न जमू लागलं. मुलगी ओरत्तनाडूकडची, मराठी घर, शेती, मामा तिथल्या कचेरीत. मुलीची आई जाडजूड, मोठ्या आवाजाची, हसतमुख बाई. बोलण्यांच्या दिवशी गल्लीतली वडीलधारी म्हणून मलाही बसवलं होतं. आमच्याकडे लग्नात ताळीची, म्हणजे मंगळसूत्राची, पहिली गाठ नवरा बांधतो आणि पुढच्या गाठी त्याची बहीण. ही रीत आम्ही इथल्या लोकांची उचलली, आता आमचीच झाली आहे. ती बाई म्हणाली, "थोरली येईल ना पुण्याहून? गाठ नणंदेनेच बांधायची. विमानाने आली तरी आमची हरकत नाही हो!" आणि हसली.

पद्माच्या हातातला कॉफीचा ट्रे तसाच राहिला. रघुनाथ म्हणाला, "येईल की."

पाहुणे गेल्यावर तो माझ्या तिण्णैवर येऊन बसला.

"मावशी, काहीतरी सांगावं लागेल आता."

"खरं सांग."

"खरं काय ते मला तरी ठाऊक आहे का?"

"ठाऊक नाही, हेच खरं."

"असं सांगितल्यावर पोरगी कोण देईल? कोणाबरोबर पळाली म्हणतील. प्रतापचं आयुष्य आहे, मावशी."

"आणि सकूचं काय होतं? नमुना?"

तो उठून गेला. चार दिवसांत ठरलं, सकू पुण्यात तापाने गेली. काकूने कळवलं. ओरत्तनाडूच्या लोकांनी हळहळ केली आणि म्हणाले, मग दिवस-कार्य? तेही करावं लागणार होतं, कारण मेलेल्या बहिणीचं कार्य न केलेल्या घरात ते मुलगी देणार नव्हते. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघावी असं शास्त्र सांगतं. पण बातमी आलेली असली की थांबावं लागत नाही. शास्त्रीबुवांनी बातमी कोणी आणली ते विचारलं नाही. त्यांनाही काकू माहीत होती.

पद्मा परसात माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते. "मावशी, मेली म्हणून सांगितल्यावर मी तिथे जाऊन काय विचारू?"

"रघूला विचार."

"विचारलं. म्हणाले, आता जाऊ नकोस. मुलीचा मामा सरकारी माणूस आहे, कोणी तरी बघेल."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? प्रतापही माझाच ना."



तिरुवैयारूच्या घाटावर प्रतापने दर्भाची बाहुली केली, तिला सकवार म्हटलं आणि जाळली. जिथून ती घरी आली नाही तिथेच. दुसरा घाट यांना मिळाला नाही. बायका गेल्या नाहीत.

तेराव्याच्या जेवणाला मी गेले. उपाशी राहून ती परत येणार नव्हती. भिंतीवर फोटो लागला होता. माझ्या पेन्शनच्या दिवशी काढलेला तोच, दोघींचा. सकूचा दुसरा नीट फोटो घरात नव्हता. दिवसभर लोकांचे फोटो करणारीचा स्वतःचा एक नाही. मला कापून टाकलं होतं. पण हात राहिला होता. तिच्या खांद्यावर माझा हात, वाकडी करंगळी, आणि त्याच्यावरून हार.

ओरत्तनाडूची बाई माझ्या समोरच्या पंक्तीत होती. जेवताना तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. "फोटो छान आहे हो पोरीचा. खांद्यावर हात कोणाचा?"

रघुनाथ पाणी वाढत होता. मान वर न करता म्हणाला, "पुण्याच्या काकूचा."

माझा हात पानावर होता, भातात. पद्मा रसवांग्याचं भांडं घेऊन माझ्यापुढे आली होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. पळी भांड्यातच थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "वाढू?"

"वाढ," मी मोठ्याने म्हटलं. हात वर केला, भात लागलेला. "पुण्याहून आलेय. भूक लागलीय."

ओरत्तनाडूच्या बाईने माझ्या करंगळीकडे पाहिलं, मग भिंतीवर पाहिलं, मग परत करंगळीकडे. तिला कळलं. मूर्ख बाई नव्हती. मला वाटलं आता उठेल. ती पानाकडे वळली आणि म्हणाली, "रसवांगं छान झालंय. आणखी आहे का?"

तिलाही मुलगी उजवायची होती. तिच्या घरचंही कोणी पुण्याला असेल.

रघुनाथ माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. ज्याच्या त्याच्याकडे म्हणतो, म्हातारीचं डोकं फिरलं. लग्न झालं. गाठ चुलत बहिणीने बांधली. सून चांगली आहे, रोज त्या फोटोला फूल वाहते.

लग्नानंतर पद्मा एक दिवस पिशवी घेऊन माझ्या दारात आली. "मावशी, येता का?" कुठे ते मी विचारलं नाही. रिक्षा केली. स्टेशनात जुना शिपाई होता, त्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, "अम्मा, तुमच्याकडे सगळं झालं म्हणे ना?"

पद्मा बसली नाही. "काही झालं नाही. ती पुण्याला गेली नाही. मेली हेही कोणाला माहीत नाही. हरवली आहे."

"पण तुमच्या साहेबांनी लिहून दिलंय."

"ते खोडा."

"खोडता येत नाही, अम्मा."

"मग त्याच्याखाली माझं घ्या."

त्याने कागद दिला. तिने तमिळमध्ये लिहिलं, माझी मुलगी तिरुवैयारूला गेली होती, परत आली नाही. सही केली. बाहेर आलो, तिने वांगी घेतली, आम्ही घरी आलो. त्या कागदाचं काही झालेलं नाही. होणारही नाही. ती अजून जाते, नवऱ्याला सांगून जाते. तो काही म्हणत नाही.

सकूला मी शेवटची पाहिली ती त्या सकाळी. मी तिण्णैवर उडीद निवडत बसले होते. ती अल्बम काखेत मारून बाहेर आली, तोंडात चिंच होती. माझ्या डबऱ्यातल्या कॉफीचा एक घोट घेतला, "साखर कमी," म्हणाली. अल्बम दोरीने मोपेडच्या मागे बांधला. लाथ मारली, सुरू झाली नाही. तिला एक शिवी दिली, पुन्हा मारली, झाली. चिंचोका माझ्या तुळशीत थुंकला. मी ओरडले. कोपऱ्यावर वळायच्या आधी मान मागे करून तिने आरोळी ठोकली, "तिरुवैयारु! अल्बम द्यायला! जेवायला घरी!"

कोपऱ्यावरची खिडकी लागली. पद्मा आतून म्हणाली, "हळू गं." रघुनाथ दारात पेपर वाचत होता, त्याने पान उलटलं.

सगळ्या गल्लीने ऐकलं.